गोळी एकीला, आजार दोघांचा

एक प्रसंग माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी घडतो. एखादी बाई येते. कंबर दुखते म्हणते, थकवा येतो म्हणते, रक्त तपासू का विचारते. मी तपासते, चिठ्ठी लिहून देते. ती उठते, दारापर्यंत जाते आणि पडद्याला हात घालता घालता मागे वळून हळूच म्हणते, "आणि मॅडम, ते जरा अंगावरून जातं."

खरी तक्रार ती असते. कंबर नुसती सोबतीला आलेली असते.

तुम्हीही असंच करत असाल तर तुमचा दोष नाही. आपल्याकडे या तक्रारीला धड नावसुद्धा नाही. 'पांढरं जातं', 'अंगावरून जातं', 'तिथे खाज येते', 'खालचा त्रास' अशी आडवळणं घेतच ती दवाखान्यात पोचते, तीही पोचलीच तर. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा जननमार्गाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. दवाखाने वाढले, डॉक्टर वाढले, पण दारापर्यंत जाऊन मागे वळणं काही थांबलं नाही.

आज या तक्रारीमागच्या एका विशिष्ट आजाराबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव ट्रायकोमोनास, किंवा पूर्ण नाव ट्रायकोमोनियासिस. नाव अवघड आहे, आजार साधा आहे, औषध स्वस्त आहे. तरीही तो पुन्हा पुन्हा उलटतो. का उलटतो, ते माझ्या मते आपण सगळ्यांनी, डॉक्टरांनीसुद्धा, नीट समजून घ्यायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

अंगावरून थोडंफार पांढरं जाणं हा आजार नाही. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ आणि ओलसर ठेवतो, त्यातला तो भाग आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव येतो, गरोदरपणात स्राव वाढतो, पाळीच्या आधी थोडा घट्ट होतो. त्याला घाण वास नसेल, खाज नसेल, आग होत नसेल, तर त्यावर औषध घ्यायचं कारण नाही. "हाडं झिजून पांढरं जातं" हा गैरसमज तर आजीपासून नातीपर्यंत चालत आलेला आहे. हाडांचा आणि या स्रावाचा काहीही संबंध नाही.

आजाराची शंका केव्हा घ्यायची? स्रावाचा रंग पिवळा किंवा हिरवट झाला, तो फेसाळ झाला, वास येऊ लागला, खाज आणि आग सुरू झाली, लघवी करताना बाहेरच्या कातडीला चुरचुरलं, संबंधाच्या वेळी दुखू लागलं, तर.

अशा त्रासाची मुख्य कारणं तीन. पहिलं, योनिमार्गातल्या चांगल्या जंतूंचा समतोल बिघडणं. यात पातळ, करडट स्राव येतो आणि माशासारखा वास येतो. दुसरं, बुरशीचा संसर्ग. यात फाटलेल्या दुधासारखा किंवा दह्याच्या कवडीसारखा स्राव येतो आणि खाज असह्य असते. मधुमेह असलेल्या, गरोदर असलेल्या किंवा नुकतीच अँटिबायोटिक घेतलेल्या बायकांना हा त्रास जास्त होतो. तिसरं कारण म्हणजे आपला ट्रायकोमोनास.

ही वर्णनं पुस्तकात जितकी वेगवेगळी दिसतात तितकी अंगावर दिसत नाहीत. दोन कारणं एकाच वेळीही असू शकतात. त्यामुळे रंग पाहून घरीच निदान करू नका. मैत्रिणीला लागू पडलेलं मलम मेडिकलमधून आणणं तर नकोच. बुरशीवरच्या मलमाने किंवा योनीत ठेवायच्या गोळीने ट्रायकोमोनास जात नाही. चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

हा जंतू आहे तरी कसा?

हा जीवाणू नाही, विषाणू नाही आणि बुरशीही नाही. एकाच पेशीचा हा परजीवी जीव आहे, अमीबाच्या लांबच्या नात्यातला म्हणा. आकाराने रक्तातल्या पांढऱ्या पेशीएवढा. त्याला चाबकासारखे बारीक शेपट्यांचे धागे असतात आणि त्यांच्या जोरावर तो झटके देत पोहतो. १८३६ साली पॅरिसमधल्या आल्फ्रेड दोने या डॉक्टरने तो सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. म्हणजे त्याची आपली ओळख जुनी आहे.

आणि तो दुर्मीळ तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ या वयोगटात याचे सुमारे १५ कोटी ६० लाख नवे संसर्ग झाले. औषधाने पूर्ण बरे होणारे जे चार मोठे लैंगिक संसर्ग आहेत, त्यात सर्वांत मोठा आकडा याचा. सिफिलिस आणि गनोरियाची नावं सगळ्यांनी ऐकलेली असतात, याचं नाव मात्र फार कोणाला माहीत नसतं.

हा पसरतो शरीरसंबंधातून. इथे मला हमखास प्रश्न येतो, "सार्वजनिक संडासातून लागलं असेल का?" खरं उत्तर असं की, ओलाव्यात हा जंतू काही तास तग धरू शकतो, पण वाळला की मरतो. संडासातून लागण झाल्याचं मानण्यासारखं जवळजवळ कधीच नसतं. मोठ्या माणसांमध्ये हा एकमेकांकडून एकमेकांना, संबंधातूनच जातो.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

बाईला त्रास, पुरुषाला पत्ता नाही

लागण झालेल्या बहुतेक माणसांना एक तर काहीच त्रास होत नाही किंवा अगदी किरकोळ होतो. त्यातही पुरुषांना फारच कमी. जंतू मूत्रमार्गात बसून राहतो. फार तर कधी लघवीनंतर थोडी जळजळ होते, कधी सकाळी चिकट थेंब दिसतो, आणि तेही बऱ्याचदा नाही. माणूस ठणठणीत, कामाला जातोय, जेवतोय. त्याला कोणी सांगितलं की तुझ्या अंगात संसर्ग आहे, तर तो हसेलच.

बाईला मात्र खाज, वास, आग. म्हणून दवाखान्यात येते ती. म्हणून तपासणी तिची, औषध तिला. औषध घेऊन ती बरी होते, घरी जाते, संबंध येतो, आणि जो जंतू आपण तिच्या अंगातून घालवला तो नवऱ्याच्या अंगातून पुन्हा तिच्याकडे येतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचविशीतली एक मुलगी वर्षभरात तीन वेळा याच तक्रारीसाठी आली. तिन्ही वेळा मी तिला गोळ्या दिल्या आणि 'स्वच्छता ठेव' असं सांगितलं. ती आधीच दिवसातून तीनदा साबणाने धूत होती, त्याने आग वाढतच होती. "हे कशामुळे होतं?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाण्यातून, संडासातून, कशानेही होतं." तिच्या घरात भांडण नको, एवढाच माझा हेतू होता. चौथ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, सासूबाई म्हणतात माझ्या अंगातच काहीतरी दोष आहे. पिशवी काढून टाकली तर सुटेन का मी यातून?"

पंचवीस वर्षांची मुलगी पिशवी काढण्याबद्दल विचारत होती, कारण तिच्या नवऱ्याला काही गोळ्या लिहून द्यायचं धाडस मी केलं नव्हतं. नवरा त्या वेळी बाहेर गाडीवर बसला होता. आधीच्या तिन्ही वेळीही तो बाहेरच बसलेला होता.

हे उदाहरण एकटंदुकटं समजू नका. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. त्यातल्या अनेकींची मूळ तक्रार पोटात दुखणं आणि अंगावरून जाणं हीच होती. "पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल" अशी भीती दाखवली की बाई तयार होते. तुम्हाला कोणी नुसत्या पांढरं जाण्यासाठी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. जो आजार गोळ्यांनी बरा होतो, त्यावर ऑपरेशन हा उपचार नाही.

माझं मत

म्हणून आता स्पष्टच लिहिते. ट्रायकोमोनासमध्ये फक्त बाईला औषध देणं हा अर्धा उपचार आहे. 'संडासातून झालं असेल' हे आम्हा डॉक्टरांचं गोड खोटं त्या बाईला महागात पडतं. त्या वेळी भांडण टळतं, पण नवऱ्याला औषध मिळत नाही. मग आजार उलटतो, आणि उलटला की दोष पुन्हा तिच्या 'अस्वच्छते'वर, तिच्या 'अंगातल्या उष्णते'वर किंवा तिच्या पिशवीवर जातो.

घरातल्या एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तर तुम्ही काय करता? शेजारी झोपणाऱ्या बहिणीचंही डोकं बघता. खरूज झाली तर मलम घरात सगळ्यांना लावता, खाज असो वा नसो. तेव्हा 'आधी कोणाला झाली' याची पंचायत कोणी भरवत नाही. इथेही तोच न्याय लावा.

"पण मॅडम, हा संबंधातून होणारा आजार आहे म्हटल्यावर प्रश्न येणारच ना, आला कुठून?"

येणार, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर असं की, तपासणीतून ते कळत नाही. हा जंतू अंगात कुठलाही त्रास न देता महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं राहू शकतो. आज निदान झालं याचा अर्थ लागण गेल्या महिन्यात झाली असा होत नाही. ती लग्नाच्या आधीची असू शकते, खूप जुनी असू शकते. तो तिच्याकडून त्याला गेला असेल किंवा त्याच्याकडून तिला आला असेल. स्लाइडवर पोहणारा जंतू आपल्या येण्याची तारीख सांगत नाही. त्यामुळे हा रिपोर्ट हातात धरून नवऱ्याने बायकोच्या किंवा बायकोने नवऱ्याच्या चारित्र्याचा निकाल लावू नये. तुमच्या नात्यात विचारण्यासारखे प्रश्न असतील तर ते जरूर विचारा, पण या रिपोर्टला त्यांचा पुरावा करू नका. आणि त्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गोळ्या थांबवू नका.

तपासणी आणि औषध

तपासणी अवघड नाही. योनिमार्गातला थोडा स्राव कापसाच्या काडीने घेऊन, सलाइनच्या थेंबात मिसळून, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जंतू पोहताना दिसला की निदान पक्कं. पण स्लाइड बघायला उशीर झाला तर त्याची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही. हातचं राखून सांगायचं तर, या तपासणीत बरेच रुग्ण सुटतात. म्हणून स्लाइड 'निल' आली तरी लक्षणं बघून डॉक्टर उपचार देऊ शकतात. पीसीआरसारख्या जनुकीय तपासण्या जास्त खात्रीच्या आहेत, पण महाग आहेत आणि सगळीकडे होत नाहीत. पुरुषात हा जंतू सापडणं तर आणखी कठीण. त्यामुळे बायकोला निदान झालं असेल तर नवऱ्याच्या रिपोर्टची वाट न बघता त्याला औषध देतात.

औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल किंवा त्याच्याच कुटुंबातलं टिनिडाझोल, सेक्निडाझोल. मेट्रोनिडाझोल तुमच्या ओळखीचं आहे. जुलाब, आव झाली की घेतात तीच गोळी. गंमत अशी की १९६० च्या सुमारास हे औषध बाजारात आलं ते मुळात याच जंतूसाठी. आवेवरचा वापर नंतर सुरू झाला. पण घरात उरलेल्या दोन गोळ्या घेऊन हा आजार जात नाही. स्त्रियांसाठी हल्ली ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस अशी पद्धत सुचवतात, कारण एकदम एकच मोठा डोस देण्यापेक्षा ती जास्त परिणामकारक ठरली आहे. पुरुषांसाठी बहुधा २ ग्रॅमचा एकच डोस पुरतो. तुमच्यासाठी कोणतं औषध आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

औषध पोटातूनच घ्यायचं. नुसती योनीत लावायची जेल इथे पुरी पडत नाही, कारण जंतू मूत्रमार्गात आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही लपलेला असतो. गोळी जेवणानंतर घ्या. तोंडाला धातूसारखी चव येते, थोडं मळमळतं, लघवी गडद होऊ शकते. घाबरून औषध अर्ध्यावर सोडू नका. दारू पीत असाल तर कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस टाळा. 'मला चालत नाही ते औषध' असं म्हणणाऱ्या काही नवऱ्यांचं खरं कारण हेच असतं, हे अनुभवाने सांगते.

गरोदर असाल तर आधी तसं सांगा. या संसर्गामुळे पाणमोट लवकर फुटण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणातही देता येतं, तेव्हा लाजेपोटी नऊ महिने काढू नका. आणखी एक. या संसर्गाने आतली त्वचा सुजलेली असते, त्यामुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून डॉक्टर एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी सुचवतात. ती तुमच्यावरच्या संशयातून नसते.

आता करायचं काय?

दोघांनी एकाच वेळी औषध घ्या. दोघांचं औषध पूर्ण होऊन आठवडा जाईपर्यंत आणि त्रास पूर्ण थांबेपर्यंत संबंध टाळा. ते शक्य नसेल तर निरोध वापरा. त्रास गेला तरी तीन महिन्यांच्या आत पुन्हा एकदा तपासून घ्या. योनिमार्ग आतून धुऊ नका. साबण, डेटॉल, सुगंधी द्रावणं नकोत. बाहेरून साधं पाणी पुरे.

लग्न झालेलं असो वा नसो, जोडीदार एक असो वा अधिक, नियम हाच. दोन बायकांच्या नात्यातही हा संसर्ग जाऊ शकतो. डॉक्टरांना खरं सांगा. ते तुमच्या आणि त्यांच्यातच राहायला हवं, तसा त्यांचा धर्मच आहे.

नवऱ्याला कसं सांगायचं हा प्रश्न असेल तर तो प्रश्न माझ्यासारखीवर सोपवा. "डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय" एवढंच सांगा. तो येणार नसेल तर त्याच्या औषधाचं काय करता येईल ते डॉक्टरांना विचारा. आणि हे सांगितल्यावर घरात मारहाण होईल अशी भीती असेल, तर ती भीतीसुद्धा आम्हाला सांगा. तिच्याकडे कानाडोळा करून दिलेला सल्ला कामाचा नसतो. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तिथे अशा आजारांवर समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती विचारता येते.

आणि हे वाचणाऱ्या नवऱ्यांना एक विनंती. बायको आत तपासणीला गेली असताना तुम्ही बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघता. आत या. तुम्हाला बोलावून काही गोळ्या दिल्या म्हणजे तुमच्यावर आरोप केला असं नाही. त्या गोळ्या तुमच्या बायकोच्या उपचाराचा उरलेला अर्धा भाग आहेत.

त्या पंचविशीतल्या मुलीच्या नवऱ्याला मी शेवटी आत बोलावलं. त्याने दोनच प्रश्न विचारले, "मला काही होत नाही, मग मी का?" आणि "हे आधी का नाही सांगितलं?" पहिल्याचं उत्तर मी उवांच्या उदाहरणाने दिलं, आणि ते त्याला पटलं. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघांनी औषध घेतलं. त्यानंतर ती आली ती दोन वर्षांनी, पाळी चुकली म्हणून. पिशवी जागेवरच होती, आणि तिचं काम चालू झालं होतं.

तेव्हापासून मी ते गोड खोटं बोलत नाही. तुम्हीही एक करा. पुढच्या वेळी दारापर्यंत जाऊन मागे वळू नका. खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यात आधी तेच सांगा. कंबरेचं आपण नंतर बघू.